वराहगिरी वेंकट गिरी आणि कामगार कपातीचा कायदा

विद्यार्थी मित्रहो, व्ही. व्ही. गिरी हे नाव तुम्ही बहुधा भारताचे चौथे राष्ट्रपती म्हणून ऐकले असेल. या घटकात मात्र आपल्याला त्या पदाशी फारसे कर्तव्य नाही. काम उरले नाही म्हणून ज्याला घरी पाठवले जाते, त्या कामगाराचा कायदेशीर हक्क आपल्याकडे कसा आकाराला आला, हे पाहण्यासाठी आपण त्यांच्या चरित्राकडे वळत आहोत.

गिरींचा जन्म १० ऑगस्ट १८९४ रोजी बेऱ्हमपूर येथे एका तेलुगू कुटुंबात झाला. १९१३ मध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी ते डब्लिनला गेले. परंतु तेथील स्वातंत्र्यचळवळीशी संबंध आल्याने १९१६ मध्ये त्यांना आयर्लंड सोडावे लागले. मायदेशी त्यांनी वकिली केली, पण त्यांचे खरे कार्यक्षेत्र ठरले ते रेल्वे कामगारांची संघटना. बंगाल-नागपूर रेल्वेत कामगार कपातीचा प्रश्न पेटला, तेव्हा १९२८ च्या संपाचे नेतृत्व त्यांनी केले. कपात झालेल्या कामगाराला भरपाई देण्याचे बंधन त्या वेळी कोणत्याही कायद्यात नव्हते. जे पदरात पडे, ते संपाच्या बळावर किंवा मालकाच्या मर्जीने.

१९५२ मध्ये गिरी केंद्रीय श्रममंत्री झाले. पुढच्याच वर्षी कापड गिरण्यांत माल साचला आणि मोठ्या प्रमाणावर कामगार कपातीचे सावट पसरले. तेव्हा आधी वटहुकूम काढून व नंतर कायदा करून, औद्योगिक विवाद अधिनियमात २४ ऑक्टोबर १९५३ पासून नवी तरतूद लागू करण्यात आली. तिचे स्वरूप नीट लक्षात घ्या. मालकाला कपातीची मनाई नव्हती. मात्र वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन द्यावे लागे. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळे. सर्वसाधारणपणे जो शेवटी लागला तो आधी जाई, आणि पुन्हा भरती निघाली तर कपात झालेल्यांना प्राधान्य असे. मर्जीतल्याला ठेवून नावडत्याला काढण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. माझ्या मते, या तरतुदीचे मोल भरपाईच्या रकमेपेक्षा या क्रमात अधिक आहे.

येथे एक विसंगती तुमच्या ध्यानात येईल. मालक व कामगार यांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात, सरकारी लवादावर विसंबू नये, असे गिरींचे आग्रहाचे मत होते. तरीही बँक कर्मचाऱ्यांच्या वादात अपील न्यायाधिकरणाने दिलेला निर्णय सरकारने बदलला, तेव्हा ऑगस्ट १९५४ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

त्यांच्या कारकिर्दीत झालेल्या कायद्यातील उणीव पुढे एका महाराष्ट्रातील खटल्यात उघडी पडली. बार्शी लाईट रेल्वे १९५४ च्या आरंभी सरकारने ताब्यात घेतली व कंपनीने आपल्या सर्व कामगारांची सेवा संपवली. चालू उद्योगातील जादा कामगार कमी करणे म्हणजेच कपात, उद्योगच बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला तर ती कपात नव्हे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५६ मध्ये लावला आणि भरपाईचा दावा टिकला नाही. ही पळवाट बुजवण्यासाठी १९५७ मध्ये कायदा पुन्हा सुधारण्यात आला. तोवर गिरी केंद्रीय मंत्रिमंडळात नव्हते. त्याच वर्षी ते उत्तर प्रदेशाचे राज्यपाल झाले.