बाळाचं लंगोट काळं का पडायचं? डॉ. गॅरॉड यांनी १९०२ मध्येच उलगडलं होतं कोडं

चितेगाव : अल्काप्टोन्युरिया या दुर्मीळ आजारात बाळाची लघवी हवेत राहिली की काळी पडते. पूर्वी हा जंतूंचा प्रताप मानला जाई. तो समज खोडून काढला डॉ. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी.

कोण होते गॅरॉड?
जन्म १८५७, लंडन. वडीलही नामवंत डॉक्टर. ज्या घरात आधीच असे रुग्ण होते, तिथल्या नवजात बाळाचे लंगोट त्यांनी पहिल्या दिवसापासून तपासायला लावले. दोन-तीन दिवसांतच डाग दिसले, म्हणजे दोष जन्मजात होता. अनेक रुग्णांचे आई-वडील नात्यातले असल्याचंही त्यांनी हेरलं. शास्त्रज्ञ बेटसन यांनी त्याची मेंडेलच्या नियमांशी सांगड घातली.

नेमकं काय बिघडतं?
होमोजेंटिसिक आम्ल मोडणारं एन्झाइम काम करत नाही. ते साचतं, पुढे पाठ, सांधे दुखतात. त्याला जबाबदार एचजीडी जनुक १९९६ मध्ये सापडलं. गॅरॉड १९३६ मध्येच गेले होते. पहिलं महायुद्ध आणि त्यानंतरच्या साथीत त्यांनी तिन्ही मुलगे गमावले होते.

आपल्यासाठी काय?
मराठवाड्यात मामाच्या मुलीशी लग्न नवीन नाही. अशा जोडप्यात आजी-आजोबांकडून आलेलं एकच सदोष जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका असतो. वाहक मात्र ठणठणीत दिसतो. त्यामुळे घरात असा आजार असेल, तर लग्नाआधीच जनुकीय सल्ला घ्या.