राहुरीतला वेड्यांचा आश्रम

राहुरी म्हटले की आज ऊस आणि कृषी विद्यापीठ आठवते. १९३६ साली मात्र याच गावात मेहेरबाबांनी वेड्यांसाठी आश्रम उघडला होता. अरणगावच्या समाधीला नेमाने जाणाऱ्यांपैकीही अनेकांना हे ठाऊक नसते. बाबांच्या आध्यात्मिक अधिकाराबद्दल मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. पण अंगावर धावून येणाऱ्या, कपडे फाडणाऱ्या, डोके आपटून घेणाऱ्या माणसाचे काय करायचे, असे विचारणारे नातेवाईक सरकारी दवाखान्यात नेहमी भेटतात. त्यांच्यासाठी हे चरित्र सांगण्यासारखे आहे.

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यातल्या इराणी कुटुंबात झाला. सेंट व्हिन्सेंट शाळा, मग डेक्कन कॉलेज. कॉलेजच्या वयातच कडुनिंबाखाली बसणाऱ्या वृद्ध हजरत बाबाजान यांची ओढ लागली. जानेवारी १९१४ मध्ये बाबाजाननी कपाळाचे चुंबन घेतले आणि त्यानंतर सुमारे नऊ महिने या तरुणाला जगाचे भान उरले नाही. झोप गेली, खाण्यापिण्याची शुद्ध राहिली नाही. डॉक्टरांच्या औषधांनी काही फरक पडला नाही. आई शिरीनबाईंना मुलाला वेड लागले असेच वाटले. थोडे भान येऊ लागल्यावर तो दगडावर कपाळ आपटू लागला. जखमा घरच्यांना दिसू नयेत म्हणून डोक्याला फडके बांधी. आतली वेदना या बाहेरच्या वेदनेने जरा सुसह्य होई, असे त्यांनी पुढे सांगितले.

आम्हा डॉक्टरांना हे ओळखीचे वाटते. स्वतःला इजा करणाऱ्या रुग्णाला विश्वासात घेऊन विचारले, तर पुष्कळदा हेच उत्तर मिळते. ज्याला बोलता येत नाही अशा मुलाच्या डोके आपटण्यामागे दुखरा कान किंवा दातही असू शकतो. हात बांधले की आपटणे थांबते, कारण तसेच राहते.

१९१५ मध्ये ते शिर्डीला आले. खंडोबाच्या देवळात राहणाऱ्या उपासनी महाराजांनी पहिल्याच भेटीत त्यांच्या कपाळावर दगड मारला, असे चरित्रकार लिहितात. (हा उपचार कुणी घरी करू नये.) पुढची काही वर्षे उपासनी महाराजांच्या सहवासात गेली. १९२३ मध्ये मेहेरबाबा नगरजवळ अरणगावला आले आणि १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले.

राहुरीच्या आश्रमात रस्त्यावर भटकणारी, कुणी वाली नसलेली माणसे आणली गेली. मनोविकारांवरची पहिली परिणामकारक गोळी यायला अजून सोळा वर्षे होती. सरकारी वेड्यांच्या इस्पितळांचा भर कोंडून ठेवण्यावर असे. इथे बाबा स्वतः संडास साफ करीत, एकेकाला आंघोळ घालीत, दाढी करीत, स्वच्छ कपडे चढवीत, हाताने भरवीत. आंघोळीला ठरलेली वेळ, जेवणाला ठरलेली वेळ. बाबांनी हे रोग बरा करण्यासाठी केले, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या दृष्टीने ते आध्यात्मिक कार्य होते. पण वर्तनोपचाराची सुरुवात आजही इथूनच होते. दिवसाचा क्रम ठरला की पुढे काय होणार याची धास्ती कमी होते. रोज आंघोळ घालणाऱ्याला कळते की हा माणूस गार पाण्याने चिडतो, की मागून हात लावल्यावर. चिडण्याआधी काय घडले आणि चिडल्यावर त्याला काय मिळाले, या दोन गोष्टी पंधरा दिवस वहीत टिपा, असे आम्ही नातेवाइकांना सांगतो, ते याचसाठी.

असा टिपणकार बाबांनाही लाभला. विल्यम डंकिन हे इंग्रज डॉक्टर. वेडे आणि ईश्वरप्रेमाने भान हरपलेले ‘मस्त’ यांत बाबा फरक करीत. अशा मस्तांच्या शोधात बाबांनी देशभर प्रवास केला. कुणाला चहा, कुणाला विडी, कुणाला नवे कपडे, ज्याला जे हवे ते दिले जाई. डंकिन यांनी प्रत्येकाचे राहणे, पेहराव, लहरी लिहून ठेवल्या. त्यांचे पुस्तक १९४८ मध्ये आले. वेडा आणि मस्त हा भेद वैद्यकशास्त्र मानत नाही, तरी इतक्या बारकाईची नोंद आमच्या केसपेपरवर क्वचितच सापडते.

बाबांच्या मौनाकडेही मी डॉक्टर म्हणूनच पाहतो. १९२७ पासून ते अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून बोलत. न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रांच्या किंवा अक्षरांच्या अशाच पाट्या आज वापरतात. पाणी मागायची, नको म्हणायची सोय झाली की चावणे आणि ओरबाडणे अनेकदा कमी होते. ऑक्टोबर १९५४ मध्ये बाबांनी ती फळीही सोडली. ३१ जानेवारी १९६९ रोजी मेहेराझाद येथे देह ठेवीपर्यंत ते हातांच्या खुणांनीच बोलले. सोबतची मंडळी त्या खुणा भराभर वाचून इतरांना सांगत. वर्षानुवर्षांच्या सहवासाने त्यांना ती भाषा येत होती.