फादर थॉमस स्टीफन्स

शाळेतील एखाद्या गृहास शुभवर्तमानकाराचे नाव द्यावयाचे झाल्यास, मराठीत ख्रिस्तचरित्र रचणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण प्रथम व्हावे. १५४९ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मोपदेशक १५७९ मध्ये गोव्यास आले. आयुष्याचा बहुतेक काळ साष्टी प्रांतात वेचून त्यांनी कोंकणी व मराठी या भाषा परिश्रमपूर्वक आत्मसात केल्या. त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. भाषा मराठी, परंतु देवनागरी खिळ्यांच्या अभावी लिपी रोमन. १६१९ मध्ये ते निवर्तले. त्यांचे कोंकणी व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

जी भाषा त्यांनी कष्टाने मिळविली, ती इंदुरातील आपणां मुलांना घरीच लाभते. ती आपल्या आळसाने मुकी होऊ नये. म्हणून त्या गृहाचे चिन्ह उघडी पोथी असावे.