ॲपमधला कॅलरीचा आकडा आणि डॉ. सुखात्मे

नळदुर्गचा किल्ला फिरून घरी आलात आणि फोनमधलं फिटनेस ॲप उघडलं, की चालून जाळलेल्या कॅलरीसोबत अजून एक आकडा दिसतो: नुसतं पडून राहिलात तरी शरीर किती कॅलरी खर्च करतं. याला बीएमआर म्हणतात. ॲप तो मोजत नाही, अंदाज करतं. १९९० चं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र त्यासाठी बरंच वापरलं जातं. पुरुषांसाठी ते असं: वजन गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५. (स्त्रियांसाठी शेवटी ५ मिळवण्याऐवजी १६१ वजा करायचे.) म्हणजे २५ वर्षांचा, ६० किलोचा, १७० सेंमी उंचीचा मुलगा: साधारण १,५४३ कॅलरी.

पण हा आकडा खरंच तुमचा आहे का? अशा आकड्यांवर शंका घेण्यात एका मराठी माणसाने आयुष्याची बरीच वर्षं घालवली. ते म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

त्यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि लंडनला जाऊन १९३६ मध्ये संख्याशास्त्रात पीएचडी केली. परत आल्यावर शेती संशोधनात नमुना पाहणीचं काम उभं केलं. सगळी शेतं मोजायची नाहीत, रँडम पद्धतीने थोडी निवडायची, तिथलं पीक कापून तोलायचं आणि त्यावरून पूर्ण भागाचा अंदाज बांधायचा.

१९५१ मध्ये ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत (एफएओ) गेले आणि पुढे तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. तेव्हा जगातले दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, असं बोललं जायचं. सुखात्मेंनी १९६१ मध्ये हिशोब मांडला: पोटाला कमी मिळणारे १० ते १५ टक्के. बाकी अनेकांच्या ताटात कॅलरी होत्या, पण आहाराचा दर्जा कमी होता.

१९७० नंतर ते पुण्यात परतले आणि खरा वाद इथे पेटला. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी धरून गरिबी मोजली होती. सुखात्मेंचा आक्षेप साधा होता. सरासरी गरज २,२५० असेल, तर सगळे पोटभर जेवणाऱ्या गावातसुद्धा जवळपास निम्मे लोक त्या रेषेखाली दिसतील, कारण त्यांची गरजच तेवढी नसते. शिवाय एकाच माणसाचा खर्चही रोज बदलतो. शरीर एका मर्यादेत स्वतःला जुळवून घेतं. शेल्डन मार्गेन यांच्यासोबत त्यांनी हा विचार १९८२ मध्ये सविस्तर मांडला.

मग रेषा खाली आणायची का? इथे दांडेकर आणि डॉ. सी. गोपालन यांच्यासारखे अभ्यासक भिडले. रेषा खाली सरकली की कागदावरचे उपाशी कमी होतात, ताटातलं अन्न मात्र तेवढंच राहतं. कमी खाऊन शरीर जुळवून घेतं खरं, पण त्याची किंमत कमी वाढ आणि कमी काम अशी मोजावी लागते, हा त्यांचा मुद्दा. तो वाद एफएओपर्यंत पोचला. १९८५ च्या जागतिक अन्न पाहणीत बीएमआरच्या १.२ पट आणि १.४ पट अशा दोन रेषा ठेवल्या गेल्या.

सुखात्मेंना १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९९७ मध्ये पुण्यात ते वारले.

आता परत फोनकडे या. ते १,५४३ म्हणजे त्याच वजन-उंची-वयाच्या अनेकांची सरासरी. तुमचा खरा खर्च १० टक्के इकडे-तिकडे सहज असू शकतो, म्हणजे साधारण १,४०० ते १,७००. त्यामुळे आकडा बघून लगेच एक भाकरी कमी करू नका. दोन-तीन आठवडे वजन कुठे जातंय ते बघा, आणि अशक्तपणा वाटत असेल तर ॲपचं नाही, शरीराचं ऐका.