पक्ष्यांचे दोस्त डॉ. सालिम अली

डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच त्यांचे आईवडील वारले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना सांभाळले. मामा शिकारी होते. सालिमलाही शिकारीचा भारी नाद.

एकदा त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग! ही कोणती चिमणी, ते मामांनाही सांगता येईना. त्यांनी सालिमला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी चिमणीचे नाव सांगितले आणि पेंढा भरलेले खूप पक्षी दाखवले. तेव्हापासून त्याला पक्ष्यांचे वेड लागले.

पुढे ते जर्मनीला जाऊन शिकून आले, पण परत आल्यावर नोकरीच नव्हती. मग ते अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथे ते सुगरणीची घरटी बघत बसत. घरटे नर विणतो. अर्धे झाले की मादी येऊन तपासते. तिला पसंत पडले तरच ती राहते. मग नर दुसरे घरटे विणायला घेतो. नोकरी नसली तरी त्यांनी काम सोडले नाही, हे मला फार आवडले.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण दिले. वन्यप्राणी वाचवल्याबद्दल त्यांना पॉल गेटी हे परदेशी बक्षीसही मिळाले. ते मोठ्या रकमेचे होते! ते पैसे त्यांनी निसर्ग राखायच्या कामाला दिले.

राजस्थानातले भरतपूरचे पाणपक्ष्यांचे तळे वाचावे म्हणून ते झटले. केरळातले सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणात बुडणार होते. त्यालाही त्यांनी विरोध केला. धरण रद्द झाले आणि १९८४ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९८७ साली सालिम अली वारले.

मित्रांनो, आपल्या घोडबंदरजवळही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. तिथले पक्षी आपल्या झाडांवर येतात. काही पोरं बेचकी घेऊन त्यांच्या मागे लागतात. सालिम अली चिमणीचे नाव विचारायला गेले, म्हणून एवढे मोठे झाले. आपणही बेचकी टाकून द्यावी व पक्षी दिसला की त्याचे नाव विचारावे. पालकांनी उन्हाळ्यात अंगणात पाण्याचे एक भांडे ठेवावे, ही विनंती.