खराटा, मरीआई आणि धर्मशाळा

शंभर वर्षांपूर्वी गावात पटकीची साथ आली की आधी मरीआईला कोंबडे-बकरे कापले जात. तरीही माणसे दगावत राहिली तर करणी कोणी केली याचा शोध सुरू होई. संशय बहुधा एखाद्या एकट्या बाईवर किंवा गावकुसाबाहेरच्या माणसावर जाई. या सगळ्यात पिण्याच्या पाण्याकडे पाहायचे राहून जाई. लोकांची नजर पुन्हा गटाराकडे आणि पाणवठ्याकडे वळवण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, ते संत गाडगेबाबा.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनात लवकर गेले. आई मुलाला घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. मामाची गुरे राखत आणि शेती करत डेबूजी वाढले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. ते आठ वर्षांचे होते त्या वर्षी, १८८४ मध्ये, रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू शोधून काढला आणि रोगाचा संबंध तिथल्या तलावाच्या दूषित पाण्याशी जोडला. वऱ्हाडातल्या खेड्यात मात्र पटकी म्हणजे देवीचा कोप हीच समजूत होती.

रूढीला पहिला धक्का त्यांनी स्वतःच्या घरात दिला. मुलीच्या बारशाला मटण आणि दारू द्यायची जातीची रीत मोडून त्यांनी पाहुण्यांना गोडाचे जेवण वाढले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर मडक्याचे खापर, हातात खराटा. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, गटारे साफ करायची आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात ते लोकांना साधे प्रश्न विचारत आणि उत्तरे लोकांकडूनच काढून घेत. नवस, बकऱ्याचा बळी, अंगात येणे, कर्ज काढून केलेला सण या सगळ्याचा समाचार असा हसत-हसवत घेतला जाई.

आरोग्याच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. आजार करणीमुळे झाला असे मानले की खरे कारण तसेच राहते, उपचाराला उशीर होतो आणि निरपराध माणूस गुन्हेगार ठरतो. बाबांनी जंतूंचे शास्त्र शिकवले नाही. घाण हटवणे आपल्या हातात आहे, एवढे त्यांनी स्वतः झाडून दाखवले.

नुसत्या उपदेशावर ते थांबले नाहीत, हे फारसे सांगितले जात नाही. अंध, पंगू आणि रोग्यांना औषधोपचार हे त्यांच्या दशसूत्रीतले एक सूत्र होते. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांच्या पुढाकाराने धर्मशाळा उभी राहिली. मांत्रिकाकडे जाऊ नका, असे सांगणे सोपे असते. पण रुग्णाला घेऊन शहरात आलेला गरीब माणूस रात्री झोपणार कुठे, हा प्रश्न त्यांनी सोडवला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ त्यांचे निधन झाले.

आपल्या बीड जिल्ह्याला हा धडा लागू पडतो. मराठवाड्यात भानामती हा शब्द नवा नाही. बायका घुमू लागल्या, अंगावर फुल्या उमटल्या की भानामतीचा संशय घेतला जातो. अशा वेळी अनेकदा गरज असते ती मानसोपचाराची. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणी-चेटकाचा आळ घेऊन त्याला छळणे हा गुन्हा ठरवला आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे.

कायद्याला वाटेचीही जोड हवी. जिल्ह्यातील लाखो माणसे दरवर्षी ऊसतोडीला जातात. फडात साप चावला की पहिली अडचण असते वाहनाची, दुसरी बुडणाऱ्या मजुरीची. मांत्रिक पायी चालत जाण्याच्या अंतरावर असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस मात्र दवाखान्यातच मिळते. दंश झालेला भाग हलू न देता, न कापता, न बांधता रुग्णाला लगेच तिथे न्यावे लागते.

गावात खराटा चालवणारे बरेच आहेत. रात्री अपरात्री रुग्णाला अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या रुग्णालयात पोचवणारी गाडी कोणाची, चालक कोण आणि सोबत गेलेल्यांचा मुक्काम कुठे, हेही ग्रामसभेत ठरवून लिहून ठेवता येईल.