स्वतःचे विमान

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो नावाचे एक गाव आहे. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचे घर तेथे होते. त्यांच्या शेजारीच रतनजी दादाभाई टाटा यांचे कुटुंब उन्हाळ्यात राहावयास जाई. समुद्रकाठच्या वाळूवर विमान उतरलेले पाहून रतनजींचा मुलगा जहांगीर हरखून गेला. आपणही असेच उडावे, हे वेड त्याला तेथेच लागले. २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेला हा मुलगा पुढे जे. आर. डी. टाटा या नावाने प्रसिद्धीस आला.

उडण्याची विद्या शिकण्यासाठी मात्र त्यांना बरीच वर्षे थांबावे लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेला तो पहिलाच परवाना होता. नंतर त्यांनी जिप्सी मॉथ जातीचे एक लहान विमान घेतले.

लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, पुढे एक इंजिन आणि दोन उघड्या बैठका, असे ते विमान असे. विमान विकत घेतले, की खर्चास खरा आरंभ होई. पेट्रोल व वंगण हवे, ऊनपावसापासून आडोसा हवा आणि इंजिनाची वेळोवेळी तपासणीही हवी. धनिक घराण्यातील माणसालाच हा छंद परवडे. धोका मात्र धनिकालाही चुकत नसे. विमानात रेडिओ नव्हता. नकाशा आणि होकायंत्र यांवरच सारी भिस्त. इंजिन बंद पडले, तर दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरावे लागे. पण जुहूवरून आकाशात झेप घेतली, की ठाण्याची खाडी, भिवंडीकडची भातशेते आणि पलीकडे सह्याद्रीच्या रांगा एका दृष्टिक्षेपात येत. त्या आनंदापुढे खर्चाची आठवण कोणास राहणार?

भारत व इंग्लंड यांमधील प्रवास प्रथम एकट्याने विमानातून करणाऱ्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० च्या मे महिन्यात टाटा कराचीहून निघाले. अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर लंडनहून भारताकडे येत होते. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगवाचून अस्पींचे विमान अडून पडले होते. टाटांनी स्वतःजवळील जादा प्लग क्षणाचाही विलंब न लावता या प्रतिस्पर्ध्यास दिला. अस्पी कराचीस पोहोचले आणि काही तासांच्या अंतराने बक्षीस त्यांनी जिंकले. टाटांना त्याचा खेद वाटला नाही. तेच अस्पी १९६० साली भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

छंदातून मिळवलेले कौशल्य टाटांनी लवकरच लोकांच्या उपयोगी आणले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून पस मॉथ विमानातून टपाल घेऊन निघाले. वाटेत अहमदाबादेस पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले! दुपारी ते जुहूस उतरले. या टपालसेवेतूनच पुढे एअर इंडिया ही कंपनी उभी राहिली.

बरोबर पन्नास वर्षांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी तोच प्रवास एका लहान विमानातून पुन्हा केला. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. हार्देलोच्या वाळूवर जडलेला छंद त्यांनी जन्मभर जपला.